महाराष्ट्रातल्या न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांना खुलं पत्र: घरच्या माणसाला पाच मिनिटं बाजूला घेऊन विचारा

नमस्कार डॉक्टर,

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी कराड-पाटण-चिपळूण लाईनवर. मोटर न्यूरॉन डिसीजनं ते गेले, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात तो आजार. हे पत्र तक्रारीचं आहे का, तर थोडं आहे, पण कुणा एका डॉक्टरबद्दल नाहीये. आम्ही तीन वर्षांत चार डॉक्टर केले आणि चारही भले लोक होते, एकानं तर नंतर नंतर फी पण घेतली नाही. पण चौघांनीही आम्हाला एकच वाक्य सांगितलं, की यात फक्त स्नायू जातात, बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. त्या वाक्यामुळे आमच्या घरात काय काय झालं ते तुम्हाला कुणी सांगत नसणार, कारण ओपीडीतून बाहेर पडल्यावर पेशंटचे नातेवाईक हे एकमेकांशीच बोलतात आणि तेही भांडून. म्हणून मी लिहितेय.

सुरुवात डाव्या हातापासून झाली. शर्टाचं बटण लागेना. मग पायात चप्पल राहीना, चालता चालता निसटून मागे पडायची आणि त्यांना कळायचंच नाही. मणक्याचा एमआरआय झाला, कुणी मानेच्या ऑपरेशनचं पण बोललं, शेवटी ईएमजी म्हणजे स्नायू आणि नसांतल्या विजेची तपासणी झाल्यावर निदान झालं. त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून शांतपणे समजावलं, आयुष्य दोन ते पाच वर्षं हा आकडा पण सांगितला, रिल्युझोल हे आजार थोडा हळू करणारं औषध लिहून दिलं आणि मग आम्हाला धीर यावा म्हणून स्टीफन हॉकिंगचं उदाहरण दिलं. बघा, १९६३ साली एकविसाव्या वर्षी त्यांना हा आजार सांगितला आणि ते २०१८ पर्यंत जगले, डोकं तर शेवटपर्यंत काम करत होतं. आई त्या एका गोष्टीला धरून बसली. हात जाऊ दे, पाय जाऊ दे, माणूस तर आपला तोच राहणार आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

माणूस तोच राहिला नाही डॉक्टर.

पहिल्यांदा आईचा फोन आला तो निदानानंतर तीन-चार महिन्यांनी. मी पुण्यात असते, नोकरी, मुलगा दुसरीत, महिन्यातून एकदा-दोनदा कराडला जाणं व्हायचं. आई म्हणाली, "अगं हे बदललेत." मी विचारलं म्हणजे काय, तर तिला नीट सांगता येईना. म्हणाली माझ्याकडे बघतच नाहीत, काही सांगितलं तर हूं सुद्धा म्हणत नाहीत, दिवसभर टीव्ही समोर आणि टीव्हीत काय चाललंय ते पण बघत नाहीत. मी तिला काय सांगितलं असेल? जे चारही डॉक्टरांनी आम्हाला शिकवलं होतं तेच. आई, आजारी माणूस आहे, मनाला लागलंय त्यांच्या, जरा समजून घे, तू पण सारखी किरकिर करू नकोस. हे मी तिला सव्वा वर्ष सांगत होते. फोनवर, प्रत्यक्ष, एकदा तर मावशीसमोर. ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

मग मामा गेला. आईचा धाकटा भाऊ, अण्णांचा तर जिवाभावाचा दोस्त, दोघं मिळून पंढरीला जायचे दरवर्षी. सकाळी फोन आला, आई स्वयंपाकघरात खालीच बसली आणि हंबरडा फोडला तिनं. अण्णा खुर्चीत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा." तेव्हा बोलणं जड झालं होतं पण शब्द कळायचे. तिनं ऐकलं नसेल असं वाटून परत म्हणाले चहा. मी तिथेच होते, सुट्टीला आले होते, मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि तरीही मी स्वतःला समजावलं की पुरुषांना रडता येत नाही, आतल्या आत कोंडतात. आईनं चहा करून दिला. त्यानंतर तिच्या मनात जे बसलं ते बसलंच, की ह्यांना माझी, माझ्या माहेरच्यांची कधी किंमतच नव्हती, आता आजारपणात खरं रूप बाहेर आलं. ३६ वर्षांच्या संसाराकडे ती मागे वळून तसं बघायला लागली. एक आजार, ज्याचं नाव आम्हाला माहीत होतं, तो तिच्या लग्नाच्या सगळ्या आठवणींवर असा पसरला, आणि तुमच्यापैकी एकाच्या एका वाक्यानं तो थांबला असता.

खाण्याचं पण तसंच. अण्णा गोड खाणारे नव्हते, चहात पण अर्धा चमचा. साताऱ्याहून कुणी कंदी पेढे आणले तर एक पेढा चौघांत वाटून खायचा माणूस. तो माणूस पेढ्याचा बॉक्स मांडीवर घेऊन एक गिळायच्या आत दुसरा, दुसरा तोंडात असतानाच तिसरा असं कोंबायला लागला, उजव्या हाताची उरलेली सगळी ताकद त्यासाठी. गिळण्याचे स्नायू आधीच कमजोर, मग ठसका, मग डोळे पांढरे. आईनं बॉक्स लपवला तर गूळ, गूळ लपवला तर मुलासाठी आणलेली बिस्किटं. आई ओरडायची, ते पुन्हा कोंबायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, खाऊ दे गं, किती दिवसांचे सोबती, जीव अडकला असेल त्यांचा. आणि आई वाईट ठरली, खाऊ न देणारी बायको.

पैशाचं सांगते आणि मग ही यादी थांबवते. आयुष्यभर ज्यांनी रोज रात्री वेबिल म्हणजे तिकिटांचा हिशेब आणि कॅश जुळवली, कधी चार रुपयांचा फरक आला तर खिशातून भरला पण झोपायच्या आत हिशेब पूर्ण केला, ते अण्णा एका ओळखीच्या माणसाला पतसंस्थेत जामीन राहिले. घरात न सांगता. नोटीस आली तेव्हा कळलं. का केलंत असं विचारलं तर म्हणाले, "मागितलं." बस एवढंच. चेहऱ्यावर ना लाज ना काळजी. आणि तारखा जुळवल्या तर ही सही निदानाच्या सात महिने आधीची होती, शर्टाचं बटण लागेनासं झालं होतं त्याच सुमाराची. म्हणजे डोक्यातलं हातातल्याबरोबरच सुरू झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला सांगितलं का नाहीत? सांगणार कधी? दर दोन महिन्यांनी यायचो, बाहेर तीन तास बसायचो, आत दहा मिनिटं. तुम्ही अण्णांना विचारायचात, "काय कंडक्टर साहेब, कसं वाटतंय?" आणि अण्णा छान हसायचे, अंगठा वर करायचे. त्या दहा मिनिटांत ते अगदी पूर्वीचे असायचे. ३१ वर्षं प्रवाशांशी बोलायची सवय, ती वरची बोलाचाली कुठं जात नाही. आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली बाई नवऱ्यासमोर कसं सांगणार की हे माझ्याशी असं वागतात? आमच्याकडच्या बायका सांगत नाहीत डॉक्टर. शिवाय तिला वाटायचं हे आजाराचं नाहीच, हा स्वभाव, आणि स्वभावाचं काय डॉक्टरला सांगायचं? एकदा मीच धीर करून म्हटलं की जरा विचित्र वागतात, तर त्यांची एक छोटी चाचणी घेतली, आजची तारीख, कुठला जिल्हा, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. अण्णांना ३० पैकी २७ मिळाले, आणि गेलेले तीन मार्क लिहिणं, आकृती काढणं आणि कागदाची घडी करणं यातले, म्हणजे हाताचे. मला रिपोर्ट दाखवून सांगितलं बघा, डोकं उत्तम आहे, तुम्ही लोक उगाच टेन्शन घेता. मी गाडीत बसल्यावर आईला तेच वाक्य ऐकवलं.

आम्हाला पहिला बरोबर प्रश्न विचारला तो एका स्पीच थेरपिस्ट मुलीनं, असेल पंचवीस-सव्वीस वर्षांची. गिळण्याची तपासणी करायला पाठवलं होतं. तिनं अण्णांना पाण्याचे घोट देऊन बघितलं आणि मग आईला बाहेरच्या बाकावर नेऊन विचारलं, "काकू, जेवताना घाई करतात का? ही घाई पहिल्यापासूनची, की आजारानंतरची?" आई तिच्यासमोर ढसाढसा रडली. पुढचा अर्धा तास ती बोलत होती आणि ती मुलगी लिहून घेत होती. पेढे, चहा, टीव्ही, जामीन, बारा वाजून दहा मिनिटांनी ताट समोर नाही आलं तर खुर्चीचा हात बडवणं, सगळं. त्या मुलीनं आम्हाला न्यूरोसायकॉलॉजीच्या, म्हणजे मेंदूच्या आजारात विचार आणि वागणं तपासणाऱ्या मॅडमकडे पाठवलं.

त्या मॅडमनी घेतलेली चाचणी मला जशीच्या तशी आठवते. गोष्ट सांगून परत विचारली, अण्णांनी जवळजवळ पूर्ण सांगितली. ठिपके मोजायला दिले, बरोबर मोजले. मग मॅडम म्हणाल्या, एका मिनिटात प वरून जेवढे सुचतील तेवढे शब्द सांगा, फक्त गावांची आणि माणसांची नावं नकोत. अण्णा म्हणाले, "पाणी." मग थांबले. मग म्हणाले, "पाटण." मॅडम म्हणाल्या गावाचं नाव नको. अण्णांनी मान हलवली, कळलं म्हणून, आणि म्हणाले, "पाचवड." पुन्हा सांगितलं. पुन्हा मान हलवली. "पलूस." मग "पेठ." मग "पुसेसावळी." मिनिट संपलं. मी कोपऱ्यात उभी होते, पहिल्यांदा वाटलं की बिचारे, आयुष्यभर स्टॉप पुकारले, दुसरं काय सुचणार. आणि मग लक्षात आलं की त्यांना नियम कळला होता, आठवत पण होता, मॅडमनी विचारलं तर सांगितला त्यांनी बरोबर, नावं नकोत. तरी पण जीभ त्याच रुळावरून जात होती आणि थांबवणारा आत कुणी नव्हता. पेढ्याचा बॉक्स पण असाच होता. मामाच्या दिवशीचा चहा पण असाच.

मॅडमनी नंतर एक गोष्ट केली ती मला फार आवडली. अण्णांनी सांगितलेले शब्द त्यांनी कागदावर लिहून अण्णांना परत वाचायला सांगितले आणि त्याला किती वेळ लागतो तो घड्याळावर मोजला. मी विचारलं हे कशासाठी, तर म्हणाल्या की जीभ जड आहे म्हणून किती वेळ गेला ते वेगळं काढायचं आणि विचार करायला किती वेळ गेला ते वेगळं. ही एडिनबरा युनिव्हर्सिटीतल्या शॅरन अब्राहम्स यांच्या टीमनं याच आजारासाठी बनवलेली चाचणी, ईकॅस म्हणतात, १५ ते २० मिनिटं लागतात, पेशंटला बोलता येत असेल तर बोलून आणि नाही तर लिहून उत्तरं देता येतात, आणि तिचा एक भाग पूर्ण वेगळा आहे जो फक्त घरच्या माणसाला विचारायचा असतो. निरुत्साह, ताबा सुटणं, दुसऱ्याच्या दुःखाची कदर न राहणं, एकाच गोष्टीचा हट्ट, खाण्यातला बदल. त्या पाच गोष्टी वाचल्या आणि मला वाटलं कुणीतरी आमच्या घरात कॅमेरा लावला होता.

त्यानंतर मी वाचत सुटले. तुम्हाला हे सगळं माहीत आहे, माझ्यापेक्षा शंभरपट जास्त, तरी मी लिहिते कारण हे पत्र बाकीचे घरचे लोक पण वाचणार आहेत. शार्को या फ्रेंच डॉक्टरनं १८६९ पासून पुढच्या काही वर्षांत या आजाराचं वर्णन केलं, आणि त्यानंतर शंभरेक वर्षं तरी हा फक्त स्नायूंच्या नसांचा आजार, मनाला हात लावत नाही, असंच शिकवलं गेलं. आता माहीत झालंय की साधारण निम्म्या पेशंटमध्ये विचार किंवा वागणं यात काही ना काही बदल होतो, आणि १० ते १५ टक्क्यांत तो एवढा वाढतो की त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाचा आजार, ज्यात वागणं किंवा भाषा बदलते. २००६ मध्ये कळलं की टीडीपी-४३ नावाचं एकच प्रोटीन या आजारात मज्जारज्जूतल्या पेशींत साठतं आणि तेच त्या डिमेन्शियाच्या मोठ्या गटात मेंदूच्या पुढच्या भागात साठतं. २०११ मध्ये सी९ऑर्फ७२ नावाच्या जीनमधला बिघाड सापडला, एकाच घरात एकाला हातापायाचा आजार आणि दुसऱ्याला डिमेन्शिया असं का होतं ते त्यातून कळलं. हा बिघाड युरोपातल्या लोकांत जास्त, आशियात बराच कमी, पण म्हणून आजाराचा डोक्याशी संबंध आपल्याकडे नाही असं होत नाही. स्नायू हलवणाऱ्या पेशी आणि माणसाला आवर घालणारा, पुढाकार घ्यायला लावणारा, समोरच्याचा चेहरा वाचणारा मेंदूचा भाग हे शेजारी शेजारी आहेत, एकाच आजाराच्या टप्प्यात येतात. स्मरणशक्ती बहुतेक वेळा चांगली राहते. त्यामुळेच तारीख-वार-जिल्हा विचारणाऱ्या चाचणीत अण्णांना २७ मिळाले, ती चाचणी विसरणाऱ्या माणसांसाठी आहे आणि अण्णा काहीच विसरत नव्हते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अण्णा बोलायचे बंद झाल्यावर फोनवर टाइप करायचे. ते गेल्यावर मी सगळे मेसेज मागे मागे जाऊन वाचले. आजार सुरू व्हायच्या आधीचा एक आहे, "आज पाऊस लय झाला, कोयनेचे दरवाजे उघडणार म्हणत्यात, तू गाडी जपून चालव." आणि शेवटच्या वर्षातले बघा. "उशी." "पाय." "पंखा." "दूध." "पेढा." बोटं चालत नव्हती म्हणून आखूड लिहीत असतील असं आम्हाला वाटायचं आणि थोडंफार ते असेलही. पण त्यात क्रियापद एक नाही. दे, लाव, काढ, ये, ही तर पेढ्यापेक्षा लहान आहेत टाइप करायला. या आजारात नामांपेक्षा क्रियापदं जास्त अडतात यावर केंब्रिजमध्ये दोन हजारच्या आसपासच अभ्यास झालाय. मला ते आधी माहीत असतं तर मी "काय पाहिजे ते नीट सांगा ना" म्हणून त्यांच्यावर चिडले नसते, उशी म्हटल्यावर मीच विचारलं असतं, काढू की लावू, आणि त्यांनी डोळ्यानं हो-नाही सांगितलं असतं.

मी सरसकट सगळ्यांबद्दल बोलत नाहीये हे पण लिहिते. निम्मे पेशंट असे असतात की ज्यांचं डोकं खरंच लख्ख असतं, फक्त तोंडातून शब्द येत नाही, आणि त्यांच्या समोर नातेवाईक ते तिथं नसल्यासारखे बोलतात. तो पण छळच आहे. उद्या प्रत्येक पेशंटला डोक्यावर परिणाम झालाय असं धरून चालले लोक तर मला ते नकोय. तसंच रडण्या-हसण्याचं. अण्णांना कधी कधी कारण नसताना रडू यायचं, जाहिरात बघून पण, आणि थांबायचं नाही. आम्हाला वाटलं डिप्रेशन. मॅडम म्हणाल्या हे वेगळं, चेहऱ्यावरचा ब्रेक सैल झालेला असतो, आत दुःख असेलच असं नाही, आणि यावर गोळ्या आहेत. दीड वर्ष आम्ही त्यांचे अश्रू पुसत "खचू नका" म्हणत होतो आणि जिथं खरंच निरुत्साह होता तिथं "मनावर घ्या जरा, व्यायाम करा" म्हणत होतो. दोन्ही उलटं. निरुत्साह हा या आजारातला सगळ्यात जास्त दिसणारा बदल आहे म्हणे, आणि बाहेरून तो आळस, नाहीतर राग, नाहीतर नैराश्य असाच दिसतो. तो माणूस दुःखी नसतो, त्याच्या आतून "उठ" म्हणणारा आवाजच येत नाही. हे वेगळं करून सांगायला तुमच्याशिवाय कोण आहे?

तुमच्यातल्या एका डॉक्टरांना मी नंतर भेटले, अण्णा असतानाच, आणि विचारलं की हे आधी का नाही सांगितलंत. ते खरं बोलले. म्हणाले, आधीच एवढी वाईट बातमी द्यायची असते, त्यात पुन्हा मेंदूचं सांगून घरच्यांचा उरलासुरला धीर कशाला घालवायचा. मला त्यांची अडचण कळते. गावाकडे डोक्याचं काही म्हटलं की लोक काय बोलतात ते पण मला माहीत आहे. पण दोन ते पाच वर्षं हा आकडा तुम्ही आम्हाला सांगितलात आणि आम्ही तो झेलला. त्यानंतर "काही जणांत स्वभाव बदलतो, तो आजाराचाच भाग असतो, असं काही दिसलं तर मला सांगा" एवढं ऐकून आमचा धीर गेला नसता. आईला तर आधार झाला असता. ब्रिटनमध्ये नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१६ च्या गाइडलाईनमध्ये सरळ लिहिलंय की निदानाच्या वेळीच पेशंटशी आणि घरच्यांशी विचार आणि वागणं यातल्या बदलांबद्दल बोला, आणि शंका आली तर रीतसर चाचणी करा. त्याला मशीन लागत नाही, स्कॅन लागत नाही. दहा वर्षं होत आली त्याला.

आणि उशीर झाला की काय जातं ते सांगते. जेवणासाठी पोटात नळी घालायची का, बायपॅप म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन लावायचं का, पुढे घशाला भोक पाडून व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, हे प्रश्न आमच्यासमोर आले तेव्हा अण्णा कशालाही अंगठा वर करत होते. सकाळी नळीला हो, संध्याकाळी नको, आणि दोन्ही वेळी तोच चेहरा. ज्या माणसानं कधी विना तिकीट प्रवाशाला पण विचार न करता दंड लावला नाही त्याचं खरं मत काय होतं ते आम्हाला कधीच कळणार नाही. सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये इच्छापत्रासारखं आधीच लिहून ठेवायला परवानगी दिलीये की मला कुठले उपचार हवे, कुठले नको, आणि जानेवारी २०२३ पासून ते नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर करता येतं, पूर्वीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. पण ते लिहायला विचार करणारा माणूस लागतो ना. म्हणून बँकेचं, जागेचं, नळीचं, व्हेंटिलेटरचं बोलणं पहिल्या दोन-तीन भेटींतच काढा, पेशंट स्वतः तोलून मापून सांगू शकतो तोपर्यंत. आम्ही शुभ-अशुभ करून टाळणार, तुम्ही टाळू देऊ नका.

बायपॅपचं अजून एक. अण्णा रात्री मास्क ओढून काढायचे, दहा वेळा लावला तर दहा वेळा. मशीनवाला माणूस आईला म्हणाला तुम्हाला नीट लावता येत नाही. वागण्यात बदल झालेल्या पेशंटमध्ये मास्क आणि नळी दोन्ही कमी टिकतात, हे अभ्यासात आलेलं आहे आणि त्यांचं आयुष्यही त्यामानानं कमी असतं. हे माहीत असतं तर आईनं शेवटच्या सहा महिन्यांतल्या रात्री स्वतःला दोष देत जागून काढल्या नसत्या.

माझं मागणं फार मोठं नाही. पेशंटचं बीपी घ्यायला, वजन करायला सिस्टर दुसऱ्या खोलीत नेतात ना, तेव्हा जो कोणी सोबत आलाय, बायको असेल, सून असेल, त्यांना विचारा. पूर्वीसारखेच वागतात का? जेवणात काही बदल? कुणाच्या दुःखाचं काही वाटतं का त्यांना? पैशाचे काही व्यवहार? आणि पेशंट "मला काही होत नाही" म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका, तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. चाचणी घेतलीत तर त्याच्या भाषेत घ्या. अण्णांना मराठीत विचारलं म्हणून ते प वरून काय म्हणाले ते तरी कळलं. इंग्रजी कागद समोर ठेवून एस वरून शब्द विचारले असते तर कंडक्टरला इंग्रजी येत नाही एवढंच सिद्ध झालं असतं. आणि मराठीत एक पान छापून ठेवा, एकच पान, मोठ्या अक्षरात. घास लहान करून समोर एकच वाटी ठेवा, बाकी नजरेआड. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर येईल असा. रोजचं वेळापत्रक मोडू नका. वाद घालू नका, वादानं मेंदू दुरुस्त होत नाही. हे मॅडमनी आम्हाला तोंडी सांगितलं आणि आठ दिवसांत आमच्या घरातला आरडाओरडा निम्म्यावर आला. औषध कुठलंच बदललं नव्हतं.

आईनं या सगळ्या काळात एक वही ठेवली होती. मला माहीत नव्हतं. अण्णांच्याच जुन्या वह्यांतली एक, ज्यात ते घरखर्च लिहायचे, पुढची पानं कोरी होती. त्यात तारखा टाकून दोन-दोन ओळी आहेत, काय खाल्लं, किती वेळा ठसका लागला, काय बोलले, काय नाही बोलले. दर भेटीला ती वही पिशवीत घेऊन यायची म्हणे, फाईलच्या खाली. एकदाही बाहेर काढली नाही कारण कुणी विचारलं नाही आणि तिला वाटायचं डॉक्टरांचा वेळ कशाला घ्या. आता ती माझ्याकडे आहे. आई अजून मला अधूनमधून विचारते, ते माझ्यावर रागावलेले नव्हते ना गं, खरंच आजारच होता ना? मी सांगते, आजार होता. ती मान हलवते. पण माझ्या सांगण्यात आणि डॉक्टरांच्या सांगण्यात तिच्यासाठी फरक आहे.

वहीतली शेवटची नोंद अण्णा जायच्या चार दिवस आधीची आहे. "सकाळी दूध अर्धी वाटी. मी केस विंचरत होते तर माझ्याकडे बघून हसले. खरं हसले का आजाराचं हसले ते कळलं नाही. डॉक्टरांना विचारायचं."

एका एसटी कंडक्टरची मुलगी